थांबा, आधी मी!

कारखानीस दुसऱ्याच्या प्लेटमधला पहिला घास खातात. "थांबा, आधी मी!" म्हणून आपल्याच हातातला काटा काढून घेतात, घास जिभेवर घोळवतात, डोळे मिटतात. आपण भुकेने कासावीस, समोर नूडल्स गार होतायत आणि हा गृहस्थ समाधीत. मग निकाल लागतो, "पास. खा आता."

ते नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत, आमच्या शेजारी राहतात. ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, त्यामुळे हे ऑफिसातलंच खूळ असणार असं मी धरून चाललो होतो. दर शनिवारी आम्ही दोन्ही घरं बाजारात जातो. तिथे एका सुरिनामी मावशींची गाडी आहे. त्यांच्या बामीवर, म्हणजे परतलेल्या नूडल्सवर, आमचा जीव. कारखानीसांचा जीव मात्र टांगणीला. "मावशी, पिंडा?" ते विचारतात. पिंडा म्हणजे शेंगदाणा. मावशी तीनदा मान हलवतात, चौथ्यांदा झारा उगारतात.

त्यांच्या सोहमला दाण्याची ॲलर्जी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्याकडची साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय होते. मी ती खाल्ली आहे, अधिक बोलत नाही. पण आमच्या प्लेटी कशाला उष्ट्या करायच्या?

"सोहम कुणाच्याही प्लेटमधलं उचलतो हो," ते म्हणायचे. माझी दहा वर्षांची ईरा मात्र त्यांना पाहिलं की प्लेट पाठीमागे लपवायची. "बाबा, ही इज सो वीअर्ड!"

यंदा सोहम शिकायला ग्रोनिंगनला गेला. पुढच्या शनिवारी कारखानीस आले ते हातात फोन घेऊनच. कुणाच्याही प्लेटला हात लावला नाही. त्यांची स्वतःची बामी तशीच पडलेली.

"मित्रांबरोबर बाजारात गेलाय. नूडल्स खाणार म्हणाला. अर्धा तास झाला, मेसेज नाही."

"अहो, विचारून खाईल की तो. मोठा झालाय."

"विचारेल. पण चाखणार कोण?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"मीच भरवलं होतं हो त्याला," ते फोनकडे बघतच म्हणाले. "इथे नवीन होतो. अशाच एका गाडीवर दाण्याचा सॉस दिसला. म्हटलं, अरे, ही तर आपली उपासाची दाण्याची आमटी! इतका आनंद झाला, बोटावर घेऊन चाटवली. दीड वर्षाचा होता. ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्याकडेच बघत होता."

इतकी वर्षं केलेल्या माझ्या सगळ्या थट्टा मला आठवल्या आणि लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी वाचलं, मग मला दाखवलं. 'बाबा, जेवलो. पिंडा नव्हता, चारदा विचारलं. ॲलर्जीचं इंजेक्शन खिशात आहे.'

"चारदा," ते म्हणाले. फोन खिशात ठेवला, पण हाताचं काय करावं ते त्यांना कळेना.

ईरा आमचं बोलणं ऐकत होती. तिने आपली प्लेट त्यांच्यापुढे सरकवली, वर काटाही दिला.

"काका, आधी तुम्ही."

त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटले. या वेळी ते बराच वेळ उघडले नाहीत. नूडल्स गार होत होत्या. ईरा थांबली होती.