रंगनाथअण्णांची लष्करी गाठ

झेंड्याच्या बाबतीत रंगनाथअण्णांशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती. एकतीस वर्षं भिंगारला लष्करात काढून माणूस एप्रिलात गावी परतला होता. लष्करात म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं आणि अण्णांनीही सांगायची घाई केली नव्हती.

काष्टीच्या अलीकडच्या त्या गावात छगन शिपाई बावीस वर्षं झेंडा बांधत होता. फुलांच्या पाकळ्या घालून घडी करायची, पुरचुंडी बांधून खांबाच्या टोकाला चढवून ठेवायची, सरपंचानं खालून हिसका दिला की झेंडा उलगडायचा. पंधरा ऑगस्ट असो नाहीतर सव्वीस जानेवारी, पद्धत तीच. अण्णांनी ती भर ग्रामसभेत मोडीत काढली.

"सव्वीस जानेवारीला झेंडा आधीच वर असतो, कारन तवर देश स्वतंत्र झाला हुता. पंधरा ऑगस्टला तो सगळ्यांच्या देखत खालनं वर चढवायचा. सत्तेचाळीसला गोऱ्यांचा झेंडा खाली आला आन् आपला वर गेला, त्याची ती आठवन हाय. आपल्या नगरच्या किल्ल्यात एवढाले पुढारी कोंडले हुते, त्ये काय हिसका द्यायला?"

बोलणं खरंच होतं. सभेनं माना डोलावल्या. नव्या सरपंच गोजरबाई मात्र धास्तावल्या. मागच्या सरपंचांच्या हातून दोरी अडकली आणि सहा महिन्यांत त्यांची खुर्ची गेली, हे गाव अजून चवीनं सांगत होतं.

"अण्णा, माझी पयलीच येळ हाय. अडकला तर लोक मला जगू द्यायचे न्हाईत."

"अडकला तर जल्मात परत खांबाला हात लावनार न्हाई," अण्णा म्हणाले. "एकदा ह्या गावानं माझं काम बघू द्या."

पंधरा ऑगस्टला सकाळी सहाला अण्णांनी पुरचुंडी बांधली, दोरीत अडकवली, खांबाच्या बुडाशी ठेवली आणि फेटा बांधायला घरी गेले. तेवढ्यात छगन आला. ग्रामसभेच्या दिवशी तो तालुक्याला गेला होता; यंदा झेंडा अण्णा बांधणार, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. पुरचुंडी खालीच बघून त्याला कणव आली. म्हातारा माणूस, दोरी ओढता आली नसेल, कुणाला सांगायची लाज वाटली असेल. त्यानं गुपचूप पुरचुंडी टोकाला चढवली आणि तो जिलेबी आणायला गेला.

अण्णा परतले. पुरचुंडी वर! छगन डाव खेळतोय, हे त्यांनी ओळखलं. पण त्याला जाब विचारणं म्हणजे त्याला मोठेपणा देणं. त्यांनी ती निमूट खाली घेतली आणि बुटाला पॉलिश करायला परत गेले. छगन जिलेबीचं खोकं घेऊन आला, त्यानं कपाळाला हात लावला आणि ती पुन्हा चढवली. तिसऱ्या खेपेला अण्णांचा संयम सुटला. पुरचुंडी खाली घेऊन त्यांनी दोरी खांबाला तीन लष्करी गाठींनी आवळली. आता छगनच काय, त्याचा बाप आला असता तरी झेंडा वीतभर हलला नसता. वेळेवर सोडू, असा त्यांचा बेत होता.

आठला गाव जमलं. श्रावणाची भुरभुर चालू होती. अण्णा गरजले, "सावधान! झेंडा उलगडून राष्ट्रगीत होईस्तवर कुनी हालायचं न्हाई!" गाव खिळलं. आपल्याच आवाजावर अण्णा इतके खूश झाले, की गाठी सोडायच्या साफ विसरले.

गोजरबाईंनी दोरी ओढली. झेंडा जागचा हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. मग त्यांनी अण्णांकडे बघितलं.

तेव्हा कुठे अण्णांना गाठी आठवल्या. धावत जाऊन ते गाठींना भिडले. भिजून दोरी अशी फुगली होती की नखं चालेनात. मग ते दातांवर आले. फेटा सुटून गळ्यात आला. सगळं गाव ताठ उभं राहून, मान न हलवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून हे बघत होतं.

"आरं, जरा टेकू का?" पहिल्या रांगेतून नव्वदीच्या बनुबाईंनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण बोलणं हालण्यात मोडतं की नाही हे ठरलं नव्हतं.

"छगन, बघ की रं," गोजरबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

छगन ओठ न हलवता म्हणाला, "अण्णांनी हालू नका म्हनलंय."

अण्णांनी दोरी दातांतून सोडली. सगळ्या गावासमोर तो शब्द बाहेर काढणं त्यांच्या जिवावर आलं. "छगन... विश्राम."

छगननं खिशातून पोती शिवायचा दाभण काढला आणि तिन्ही गाठी मिनिटभरात मोकळ्या केल्या. गोजरबाईंनी दोरी ओढली. पुरचुंडी सरसरत वर चढली, टोकाला उलगडली आणि पाकळ्या बनुबाईंच्या डोक्यावर पडल्या. झेंडा चढताना त्या गावानं पहिल्यांदाच बघितला होता. राष्ट्रगीत संपलं तरी गोजरबाई वरच बघत होत्या, आणि गाल पुसत होत्या.

"पुढच्या साली बी असाच चढवायचा," त्या म्हणाल्या. अण्णांचा ऊर भरून आला, पण दिलेला शब्द आठवून ते जिलेबी न खाताच घरी गेले.

दिवस मावळायला छगन दारात आला. "चला अण्णा, झेंडा उतरवायचाय."

"मी शबुद दिलाय. खांबाला हात लावनार न्हाई."

"खांबाला कोन लाव म्हनतंय? उतरला की तुमी झेंडा झेला. दोरीचं मी बघतो."

अण्णा बायकोनं हाक मारायच्या आत पायऱ्या उतरले. झेंडा त्यांनी दोन्ही हातांवर अलगद झेलला. घडी घालताना छगननं हळूच विचारलं, "अण्णा, ती गाठ लष्करात कशाला मारायचे?"

अण्णांनी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली.

"ब्लँकेटच्या गठ्ठ्यांना. स्टोअरात मीच बांधायचो," ते म्हणाले. "लेहला पोचस्तवर सुटू नये म्हनून."