सुलतानाचा क्लच

जी मोटार आज अस्तित्वातच नाही, तिच्या क्लचवरून भर रस्त्यात भांडणारा मनुष्य आपल्या पाहण्यात नसेल, तर आपण अवश्य अमरावतीस यावे. आमचे शेजारी गजूभाऊ गेल्या आठवड्यात एका ऑटोवाल्याशी भांडले. त्या बिचाऱ्याने एवढेच म्हटले होते की, यापुढे सगळ्या गाड्या बिनक्लचच्याच निघणार. गजूभाऊंनी ऑटो थांबवायला लावला, खाली उतरले, "सुलतानाले क्लच असन, अन् जडच असन," असे बजावले आणि उरलेला रस्ता मे महिन्याच्या उन्हात पायी तुडवीत घरी आले.

सुलताना म्हणजे लांब नाकाची, दोन दारांची, दूरच्या प्रवासासाठी बांधलेली एक ऐटबाज मोटार. शौकीन लोक अशा गाडीला 'ग्रँड टूरर' म्हणतात. तिचा कारखाना बंद पडून एक पिढी उलटली. गजूभाऊ आणि त्यांचे थोरले बंधू वासुदेवदादा यांनी ऐन तारुण्यात धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून जुनी सुलताना घेतली होती. दादा चालवीत आणि गजूभाऊ शेजारी बसून फुलांच्या हारांचा टोपला मांडीवर सांभाळीत. पुढे गाडी गेली, दादा मुलाकडे अकोल्यास गेले आणि फुलांचे दुकान गजूभाऊंकडे राहिले. आजही ते लग्नाच्या मोटारी सजवतात. सजवून झाली की दोन पावले मागे सरतात आणि नवरदेवाच्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "गाडी बरी हाय. पण सुलताना नाई."

ही सुलताना पुन्हा बाजारात येणार, अशी वदंता या भागात पसरली आहे. मोबाइलवर तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. मी हयातभर जिल्हा न्यायालयात वकिली केली असल्याने ऐकीव पुराव्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. म्हणून मी रीतसर चौकशी आरंभली. दर्यापूरचे बियाणेवाले म्हणाले, बातमी धामणगावच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांनी दिली. गार्ड म्हणाले, गजूभाऊंनी. गजूभाऊ म्हणाले, दर्यापूरहून पक्की खबर आहे. मी संतापून थेट दिल्लीच्या मंत्रालयास पत्र धाडले. 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही,' असे उत्तर आले. ते वाचून गजूभाऊंना परमानंद झाला. "पाहा, नाही म्हटलं काय त्याईनं?"

अशा मनुष्याशी युक्तिवाद कोणत्या कलमान्वये करावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

गेल्या महिन्यात ग्रुपवर नवी बातमी झळकली: सुलताना येणार, पण विजेवर चालणारी. अर्थात क्लच नाही. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी गजूभाऊ माझ्या ओसरीवर आले आणि नोटीस काढा म्हणाले. कोणाला, असे मी विचारले. कंपनीला. कंपनी अस्तित्वात नाही, असे मी निदर्शनास आणून दिले. मग जी येणार आहे तिला काढा. जन्मास न आलेल्या पक्षकारावर नोटीस बजावता येत नाही, हे मी पुरेशा कठोरपणे सांगितले. ते खाली पाहत म्हणाले, "वकीलसाहेब, दादानं पाय दाबणं बंद केलं जी."

मग त्यांच्याकडून मला सारा प्रकार समजला. गेल्या वर्षी दादांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. दादांनी डॉक्टरांनाच घराबाहेर काढले. तेव्हा गजूभाऊंनी भंगार बाजारातून एक क्लच पेडल मिळवले, स्प्रिंगसह फळीवर ठोकले आणि अकोल्याला नेऊन दादांच्या खुर्चीपुढे ठेवले. सुलताना येऊन राहिली, तिचा क्लच जड, आतापासून पाय तयार ठेवा, असे त्यांना सांगितले. दादा दाबू लागले. पायात जीव येऊ लागला. धरून उभे राहण्यापर्यंत मजल गेली. आणि आता ही विजेची बातमी.

"तुमी खोटं बोलत नाई, हे दादाले मालूम हाय," गजूभाऊ म्हणाले. "तुमी चाला अकोल्याले."

रविवारी आम्ही एसटीने निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांना शपथेवर खोटे बोलण्याचे परिणाम समजावून सांगत होतो आणि ते मला सुलतानाचे बॉनेट कसे उघडत असे, ते सांगत होते.

दादा खिडकीशी बसले होते. पेडल खुर्चीखाली सरकवलेले. त्यांनी मला पाणी दिले, बसा म्हटले आणि सरळ उलटतपासणी सुरू केली. "वकीलसाहेब, गाडीले क्लच असन का नाई?"

गजूभाऊ माझ्याकडे पाहत होते. तसे पाहणारे अशील मी कोर्टात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याकडे पाहू नये, असा माझा नियम आहे. मी घसा साफ करून म्हणालो, "बिनक्लचची सुलताना येणार असल्याबद्दल विश्वासार्ह असा एकही दस्तऐवज आजवर माझ्यासमोर आलेला नाही."

हे विधान अक्षरशः सत्य आहे. मी ते कोणत्याही न्यायालयात पुन्हा करीन.

दादांनी भावाकडे पाहिले. मग निमूट पेडल पुढे ओढले, पाय ठेवला आणि दात आवळून दाबले. स्प्रिंग करकरली. गजूभाऊ लगबगीने कचोऱ्या आणायला बाहेर पडले. पाठ वळताच त्यांनी उपरण्याने डोळे पुसल्याचे मी पाहिले.

ते दिसेनासे होताच दादांनी पाय काढून घेतला. "लय दुखते जी," ते म्हणाले. "ते विजेची बातमी मीच टाकाले लावली. दर्यापूरवाल्याले फोन केला. म्हटलं, तेवढंच दाबणं सुटन."

अफवेचे मूळ हयातीत प्रथमच माझ्या हाती लागले होते आणि त्याचे काय करावे, हे सुचत नव्हते. मग आत्ता पुन्हा का दाबलेत, असे मी विचारले.

"बातमी आल्यापासून गजू आला काय इकडं? आज तुमाले घेऊन आला. त्याची बायको गेली, पोरगं पुण्याले. मी दाबणं सोडलं का मंग कोणाशी बोलन तो?" त्यांनी गुडघा चोळला. "माह्या पायापाई जगून राहिलं ते येडं. सांगू नका त्याले."

कचोऱ्या आल्या. दादांनी दोन खाल्ल्या आणि गजूभाऊंच्या देखत आणखी पाचसात वेळा पेडल दाबले.

एकाच प्रकरणात दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घेऊ नये, हे तत्त्व मी जन्मभर पाळले. परतीच्या एसटीत ते मोडले गेल्याची जाणीव मला टोचत होती, आणि नेमके कोणाच्या बाजूने मोडले, तेही ठरत नव्हते. बोरगाव मंजू मागे पडल्यावर गजूभाऊंनी विचारले, "मी बाहेर गेलो तवा दादा काय म्हणे?"

"क्लच फार जड आहे म्हणाले."

गजूभाऊ सीटवर ऐसपैस रेलले. "पुढच्या रविवारी स्प्रिंगले तेल घालून देतो," ते म्हणाले, आणि अमरावती येईपर्यंत सुखाने झोपले.