जर्मलच्या भगुन्याचा गॅस

साहेब, तुम्ही खोटं बोललात. सिलिंडर पोचल्याचा मेसेज तुमच्या गॅसच्या कचेरीनं कचरूला धाडला, तेव्हा त्याच्या दारात फक्त म्हैस उभी होती. आणि तिनं कुठं सही केलेली नाही.

कुंभार पिंपळगावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा कचरू तो मेसेज घेऊन एकवीस दिवस हिंडला. तिकडं अधिकमास सरत आला. लेकीचं, तृप्तीचं लग्न यंदाच झालेलं, जावयाला पहिलं धोंड्याचं जेवण घालायचं राहिलेलं, आणि महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सोमेश्वरराव आष्टीहून निघालेसुद्धा.

"चुलीवर करून टाक," कचरू बायकोला म्हणाला.

"कोन्त्या चुलीवर?" गोजरबाईनं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवर तुमच्याच माणसानं रंगवलेलं होतं : धूरमुक्त घर. फोटोसाठी चूल कचरूनंच पहारीनं फोडली होती. शेजारच्या साळूबाईचीही त्याच दिवशी फुटली. टाळ्या वाजल्या होत्या.

कचरूनं मोबाइलवर एकदा बघितलं होतं. भंगारातलं जर्मल, म्हणजे अॅल्युमिनियम, मोरी साफ करायच्या सोड्याच्या पाण्यात पडलं की हायड्रोजन निघतो, आणि तो जळतो. मोटारींच्या जर्मल भंगाराचं पोतं घरात होतंच. त्यानं लोखंडी पिंपात सोड्याचं पाणी केलं, त्यात भंगार टाकलं आणि पिंपाची नळी शेगडीला जोडली.

"अवो, घर उडवून राह्यले का तुम्ही?"

"सायन्स हाय हे. बिलकुल धूर न्हाई."

धूर खरंच नव्हता. पिंप फसफसलं, तापलं, शेगडीवर भक्कन जाळ उठला आणि कचरूच्या दोन्ही भुवया घेऊन गेला. पण पेटला! गोजरबाई डाळ धुवायला बसली. तेवढ्यात जाळ मंदावला. पोतं संपलं होतं. कचरू परसात पळाला. मोरीपाशी जर्मलची दोन मोठी भगुनी, म्हणजे पातेली, पालथी पडली होती. भंगारच, असं म्हणून त्यानं पत्रा कापायच्या कात्रीनं त्यांचे तुकडे केले आणि पिंपात लोटले. जाळ पुन्हा उभा राहिला.

नेमका त्याच वेळी, एकवीस दिवसांनी, तुमचा तपासनीस दारात आला.

"काका, सिलिंडर मिळालं नाही म्हणून तक्रार तुमचीच ना?"

"माझीच. बराबर आलात. बघा, कोपरा रिकामा हाय."

त्यानं कोपरा बघितला नाही. शेगडी बघितली. फोटो काढला. "गॅस तर चालू आहे."

"तो माझा हाय! घरी बनवला."

"काका, गॅस काय घरी बनतो?"

"मंग पिंप बघा की, जल्दी या!"

पिंपानं असा काही फूत्कार टाकला की तपासनीस दोन ढांगांत रस्त्यावर. तिथंच मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून त्यानं लिहिलं : घरात गॅस सुरू. दाब उत्तम. तक्रार निकाली.

"जाऊ द्या मुडद्याला," गोजरबाई म्हणाली. "जाळ हाय तवर पुरण शिजवून घेते. भगुने कुठंयत? चिंचंनं घासून मोरीपाशी पालथे घातल्ते. माझ्या लग्नातले, नाव कोरलेले."

कचरू पिंपाकडं वळला. त्यानं सांडशीनं पिंपातून एक तुकडा वर काढला. त्यावर 'गोज' एवढंच उरलं होतं.

पुरणाजोगतं दुसरं भांडं घरात नव्हतं. सोमेश्वरराव आले, तेव्हा चहाच्या भगुन्यात शेवया शिजत होत्या. त्यांनी त्या खाल्ल्या, सासऱ्याच्या कपाळाकडं बघायचं टाळलं आणि म्हणाले, "मामा, ऱ्हाऊ द्या. धोंडे पुढल्या अधिकमासात."

म्हणजे तीन वर्षांनी.

साहेब, तुमच्या कागदावर दोन गोष्टी आहेत. सिलिंडर पोचलं, आणि गॅस चालू आहे. दुसरी कचरूनं खरी करून दाखवली, बायकोच्या भगुन्यांसकट आणि स्वतःच्या भुवयांसकट. आता पहिलीचं तुम्ही बोला. कचरूच्या नावाच्या त्या सिलिंडरवर कोणत्या जावयाचे धोंडे तळले?