भर खाडीत ताजीम दिल्याचे वर्तमान

श्री जलदेवता प्रसन्न. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, ज्याचे नाव लिहावयास मनाई आहे ऐशा एका किनारी राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. सरकारांचे चित्तात आले की खाडीपलीकडील नवा बुरूज पाहावा, मग बुधाजी तांडेल यास होडी सज्ज करण्याची आज्ञा जाहली. होडी सहा माणसांची आणि स्वारी नऊ असामींची, त्यात पोहणारा एक नाही. आणि सरकारांस काही जाहले तर तांडेलाचे डोके उडवावे ही राज्याची रीत. बुधाजी हात जोडून बोलिला, "सरकार, तिघांना किनाऱ्याला ठेवा." कारभारी विसाजीपंत बोलिले, "कोणास ठेवावे? सर्वच मानाचे." बुधाजीने कपाळावर हात मारिला. "मग निदान बसून ऱ्हावा. सरकार उठले तरी कोनी उठायचं न्हाय!" सर्वांनी माना डोलाविल्या.

परंतु धनी उठले की दरबाराने उठावे, यास ताजीम म्हणतात, आणि ही चाल सात पिढ्यांची. भर खाडीत सरकारांस बुरूज दिसला आणि ते हर्षे उभे राहिले, मग पंत उठले, मग फडणीस, मग चवरीवाला, आणि सरकार डावीकडे पाहतात म्हणोन सारेच डावीकडे झुकले. "बसा! मेल्यांनो, बसा!" ऐसे बुधाजी ओरडला तो होडी उलटली. "होडी सोडू नका! उलटी हाय तरी धरा!" मग सर्वांनी ती कवटाळिली आणि सरकार तिजवर चढून बसले. ते पाहून पंतांनी हात सोडिले, की धन्याचे आसनास स्पर्श कैसा करावा! बुधाजीने त्यांस शेंडी धरून ओढिले. "पंत, आसन न्हाय, लाकूड हाय ते! धरा!" रागाने त्यास रडू आले. पुढे मासेमारीची होडी आली आणि सर्व वाचले.

सरकार प्रसन्न होऊन बोलिले, "काय पाहिजे ते माग." बुधाजी बोलिला, "होडीत कोनी उठू नये, असा हुकूम लिहून द्या. माझ्या तोंडाचं कोनी ऐकत न्हाय." हुकूम जाहला, शिक्का जाहला, आणि धोका खोल पाण्यात, म्हणोन वाचनही तेथेच व्हावे ऐसे ठरले.

अष्टमीस स्वारी पुन्हा निघाली, तेच नऊ. खोल पाणी येताच पंतांनी थैलीतून हुकूम काढिला. राजाज्ञा बसून ऐकणे बेअदबी, खुद्द सरकारांसही. सबब सारे एकदम उठले. "आज्ञा ऐसीजे की," इतकेच वाचून जाहले. बुधाजीने वल्हे खाली ठेविले आणि आधी आपणच पाण्यात उडी टाकिली, की नऊ जणांस धरावयाचे तर हात मोकळे असावे.

सारांश, नऊही असामी वाचले. बुधाजी तांडेल हल्ली घाटावर नाचणी पेरितो, आणि तेथे कोणी उभे राहिले तरी काही बोलत नाही.