सतरा मिनिटांत सीमापार

दोन देशांत सलोखा वाढवायचा तर आधी त्यांच्यामध्ये सीमा असावी लागते. यवतमाळ जिल्ह्याला परदेशाची सीमा कुठूनच लागत नाही. ही उणीव गेल्या वर्षी लोहाऱ्याला 'सीमा सहकार्य केंद्र' उघडून दूर करण्यात आली. परदेशी जाणारा माल आता इथेच तपासून, शिक्का मारून नागपूरच्या विमानाकडे रवाना होतो. (वाटेत समुद्र लागतो, पण ती आता निव्वळ औपचारिकता आहे.)

बाभुळगावजवळच्या तांड्यातल्या हंसाबाई राठोड हे ऐकून हरखून गेल्या. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून चार-चार राज्यं ओलांडत. आता बैलही गेले आणि राज्यंही, उरलं सोयाबीन. अशात तांड्याच्या भरतकामाला परदेशातल्या एका प्रदर्शनातून मागणी आली. नऊ बाया सात महिने खपल्या आणि चाळीस पिशव्या झाल्या. गुरुवारी चारच्या गाडीत माल चढला तरच प्रदर्शन गाठणार होता. "पोरीहो, माह्यावर भरोसा ठेवा," असं हंसाबाई सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, त्यामुळे गाडी चुकली असती तर तांड्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

सून वर्षाला घेऊन त्या साडेतीनला केंद्रात पोचल्या. समन्वय अधिकारी घनश्याम गावंडे यांनी पिशवी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. अशी आदर्श वस्तू केंद्रात आजवर आलीच नव्हती. कापड सुती, म्हणजे बोंडअळीचा संशय, म्हणजे वनस्पती खातं. कवड्या समुद्री जिवाच्या, म्हणजे वन्यजीव खातं. गोंडे लोकरीचे, म्हणजे पशू खातं. आरसे फुटणारे, म्हणजे सुरक्षा खातं. आणि काठाला शिवलेली जुनी नाणी पाहून पुरातत्त्ववाले जेवण अर्धं टाकून उठले.

पूर्वी अशी पिशवी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरासरी एकेचाळीस दिवस फिरत असे. (त्यानंतर अंतिम निर्णय उंदीर घेत.) आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचं कलम सात लागू होतं. मालाने रांगेत उभं राहू नये, सर्व खात्यांनी त्याची एकाच वेळी तपासणी करावी. त्याप्रमाणे पाच अधिकारी पाच खिडक्यांतून हात काढून एकच पिशवी धरून उभे राहिले. एवढं सहकार्य जिल्ह्याने याआधी फक्त रस्सीखेचीत पाहिलं होतं. चार मिनिटं कोणीच सोडेना. तेव्हा गावंडेसाहेबांनी खणातून कात्री काढली.

यात कुणाची चूक काढता येत नाही. खाती पाच आणि पिशवी एक, म्हणजे कमतरता पिशवीत होती. पाच शिपाई चाळीसही पिशव्यांचे टाके उसवायला बसले. कवड्यांचा एक ढीग झाला, आरशांचा दुसरा, गोंड्यांचा तिसरा, नाण्यांचा चौथा, आणि कापड उघडंबोडकं होऊन पाचव्या खिडकीत गेलं. काम कसं झरझर चाललं होतं. एक शिपाई तर गुणगुणत होता. ढिगातली कुठली कवडी नऊ जणींतल्या रामीबाईने लावली होती हे हंसाबाईंना अजून ओळखू येत होतं.

"साहेब, हे उसवून काहून राह्यले तुमी?"

"मावशी, माल अडला का कुठं?" गावंडेसाहेबांनी घड्याळ दाखवलं. "एकदम रेकॉर्ड होऊन राह्यला."

"मंग आता शिवन कोन?"

साहेबांनी मार्गदर्शिका चाळली, कलम बारापर्यंत गेले आणि शिवणं सीमेपलीकडच्या कक्षेत येतं असं नम्रपणे सांगितलं. एकूण वेळ सतरा मिनिटं भरली. पाच खोकी, पाच शिक्के. चारची गाडी चारलाच सुटली आणि हंसाबाईंना 'विश्वासू व्यापारी' असं प्रमाणपत्र मिळालं.

महिन्याभराने प्रदर्शनवाल्यांचं पत्र आलं. वर्षाने ते नऊ बायांसमोर वाचून दाखवलं. पाचही खोकी वेळेवर मिळाली, एकही आरसा फुटलेला नाही, फक्त यातली पिशवी कोणती ते कळवावं. रामीबाई तेवढी उठून आपल्या घरी गेली, आणि हंसाबाईंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्या पत्र घेऊन तक्रार करायला लोहाऱ्याला गेल्या. केंद्राने त्यातलं पहिलं अर्धं वाक्य सोनेरी चौकटीत लावून भिंतीवर टांगलं.

केंद्राचा वार्षिक अहवाल आता छापायला गेला आहे. तक्रारी शून्य, नागरिकांचं समाधान शंभर टक्के. शंभर टक्क्यांना पुरावा लागतो, म्हणून ही हकिगत शेवटी जोडली आहे. नऊ बायांचे सात महिन्यांचे टाके उसवले जात होते तेव्हा, वाचकहो, तुम्ही हसत होता. ते नोंदवून घेतलं आहे.