दाजींचा चिवट केक

दाजींच्या वाढदिवसाचा, घरच्या नव्या गव्हाचा केक सुरीला दाद देईना. सुरी टेकवली की दबायचा, उचलली की पुन्हा जागेवर.

"वहिनी, केक आहे की टायर?" दाजींनी विचारलं.

दाजी म्हणजे घरधन्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोघांची शेतं लागूनच. गिरणीवाले दरवर्षी घरधन्याचा गहू 'पावाला हलका, बिस्किटाला चालेल' म्हणून बाजूला काढत. त्यावरून मेहुण्याचं 'बिस्किट' हे नाव दाजींनीच पाडलं होतं, आणि आता सगळं गाव त्याच नावाने हाक मारायचं. हे नाव पुसायचंच, या जिद्दीने बिस्किटाने यंदा ओंब्या निघताना युरियाचा आणखी एक हप्ता दिला. तेव्हाही दाजी पोट धरून हसले होते.

दाजींनी जोर लावला. सुरीची मूठ हातात आली. मग त्यांनी सरळ लचकाच तोडायला घेतला, तर कवळी केकमध्येच राहिली.

"खत घालून घालून गव्हाचं वाटोळं केलंस रे!" बहीण किंचाळली. दात कुणाचे, आरडाओरडा कुणाचा!

"वाटोळं?" बिस्किटाची बायको उसळली. "दरवर्षी याच हाताने, याच मापाने करते. केक चिवट झाला म्हणजे गहू बदललाय, बिघडला नाही! चला हो, गिरणीत."

"केक घेऊन?"

"मग काय, हात हलवत?"

गिरणीच्या मॅनेजरने त्यांच्या पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दरवर्षीचंच ना, बिस्किट? टाका डावीकडे, हलक्यात."

"आधी हे खा," बायकोने तुकडा पुढे केला.

मॅनेजर चावत राहिला. चावतच राहिला. नाही म्हणायलाही तोंड मोकळं नव्हतं. शेवटी त्याने मुकाट्याने मूठभर गहू तपासणीच्या यंत्रात टाकला, आकडा बघितला, डोळे चोळून पुन्हा बघितला आणि कसाबसा घास गिळला.

"अहो, प्रथिनं भरपूर आहेत की! म्हणूनच केक असा चिवट. पावाला एक नंबर गहू!"

"मग लिहा तसं. मोठ्या अक्षरात," बिस्किट म्हणाला. त्याला आनंदाने रडू फुटत होतं, पण गडी ताठ उभा राहिला.

"आणि केकपुरतं हलकं पीठ द्या," बायको म्हणाली. "घरी वाढदिवस खोळंबलाय."

मॅनेजरने डावीकडून पिशवी भरून दिली. "यंदा सगळ्यात हलका गहू तुमच्या दाजींचाच आलाय. हे त्याचंच पीठ."

घरी दाजी कवळी धुऊन, घासून, पुन्हा बसवून वाट बघत होते. मेहुण्याने पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"शुभेच्छा हं, बिस्किटदाजी!"