दीड इंच वर गेलेला खांदा

"खांद्यांबद्दल मला कोणी शिकवायचं नाही!" असं गुनादी शिंपी उठताबसता म्हणत असे, आणि ते खोटंही नव्हतं. क्लातेनच्या त्या वस्तीत बावीस वर्षं तो लोकांची मापं घेत होता. कोणाचा खांदा उतरता, कोणाचा एका अंगाला झुकलेला, कोण आत पॅड घालून मिरवतो, सगळं त्याला तोंडपाठ! स्वतःच्या खांद्यांचं माप मात्र त्याने कधी घेतलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

पण आधी मागच्या वर्षीची शिंक सांगायला हवी. सतरा ऑगस्टला, तिकडच्या स्वातंत्र्यदिनी, वस्तीच्या मैदानात सुपारीचं उंच खोड रोवतात. त्याला वरपासून खालपर्यंत ग्रीस फासतात आणि टोकाला सायकल, बादल्या, थर्मास, लुंग्या असं काय काय लटकवतात. पाच गडी एकमेकांच्या खांद्यांवर चढतात आणि हात पोचेल ते खेचतात. मागच्या वर्षी सर्वांत खाली गुनादी होता. वरच्याचा हात थर्मासला लागला, त्याच क्षणी शेजारच्या गाड्यावरचा भाजक्या मांसाचा धूर गुनादीच्या नाकात शिरला आणि त्याला शिंक आली! पाचही गडी कोसळले. थर्मासवाला नेमका पडला तो टाळ्या वाजवत उभ्या असलेल्या पाक हर्जोनोंवर. ते वस्तीचे प्रमुख! बिचाऱ्यांना महिनाभर उशीशिवाय बसता आलं नाही.

तेव्हापासून गुनादी रस्त्याने निघाला की पोरं ओळीने शिंकायची. गिऱ्हाइकंसुद्धा सोडत नव्हती. "बाह्या नीट लावा हं, मध्येच शिंकू नका!" वर वर गुनादी हसायचा, पण मनातून त्याला फार लागायचं. यंदा पुन्हा खोडाखाली उभं राहायचं आणि तो डाग धुऊन काढायचा, असं त्याने ठरवून टाकलं.

अडचण एकच होती, ती म्हणजे बायको. लास्त्रीने मागच्याच वर्षी बजावलं होतं, "पुन्हा त्या खोडाखाली दिसलात, तर माझ्या स्वयंपाकघरात दिसायचं नाही!"

म्हणून "गिऱ्हाइकाचं माप घेऊन येतो" असं सांगून तो गुपचूप तेगूच्या गॅरेजात गेला. तेगू हा पंचविशीचा पोरगा. पत्र्याखाली दोन बाकं, एक आरसा आणि लोखंडी चकत्यांचा ढीग मांडून त्याने व्यायामशाळा काढली होती.

"काका, पहिला आठवडा नुसता दांडा उचलायचा," तेगू म्हणाला.

"नुसता दांडा? मी काय कपडे वाळत घालायला आलोय?"

"अंगाला सवय होऊ द्या. खांद्याचं काम घाईचं नसतं."

"खांद्याचं तू मला सांगतोस?"

तेगू आपल्या पिंजऱ्यातल्या पाखराला दाणे घालायला बाहेर गेला. तेवढ्यात गुनादीने दांड्याला एकीकडे वीस किलो, दुसरीकडे वीस किलो अडकवले, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि सगळं एका हिसक्यात डोक्यावर नेलं. नेलं खरं! पण मानेपासून खांद्यापर्यंत आत कुठेतरी 'कट्ट' झालं, घट्ट शर्टाचा टाका उसवावा तसं. दांडा धाडकन खाली टाकलेल्या जुन्या टायरांवर आदळला.

"काय पडलं, काका?" तेगूने बाहेरून विचारलं.

"काही नाही रे! दांडा केवढा जड आहे ते बघत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर उजवा खांदा कानाच्या भेटीला निघालेला! गुनादीने लगेच टेप काढली. कानापासून खांद्यापर्यंत डावीकडे साडेपाच इंच, उजवीकडे चार! तो थक्क झाला. "एका दिवसात दीड इंच स्नायू!" त्याने आनंदाने आपल्या तीन शर्टांची उजवी शिवण उसवून सैल केली. डाव्या हाताने उसवली, कारण उजवा हात छातीच्या वर जातच नव्हता. मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागत होतं. पण नव्या स्नायूला जागा व्हायला वेळ लागणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

लास्त्रीने त्याला एकदाच नीट न्याहाळलं. "वारा शिरलाय अंगात," ती म्हणाली. "पंखा लावून झोपता ना! शर्ट काढा."

खरं सांगायची सोय नव्हती. गुनादी निमूट पालथा पडला. लास्त्रीने मलम चोपडलं, जुनं नाणं घेतलं आणि वारा बाहेर काढायला ते मानेपासून कमरेपर्यंत खराखरा ओढायला लागली. नाणं दुखऱ्या जागी आलं की गुनादी उशी चावायचा.

"बघा, कसे लालभडक पट्टे उठले! केवढा वारा साठला होता!" लास्त्री खूश होऊन म्हणाली.

त्याच संध्याकाळी पाक हर्जोनोंच्या ओसरीवर वस्तीची बैठक होती. यंदा खोडाखाली कोण, ते तिथेच ठरायचं होतं. गुनादीने वस्तीसाठी शिवलेल्या लाल-पांढऱ्या झेंड्यांचा गठ्ठा नेला होता. पाक हर्जोनोंनी दोन्ही हात पुढे केले. गुनादीने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो काही उठेना! गठ्ठा घसरायला लागला, तसा त्याने घाबरून तो डाव्या हाताने पुढे केला.

डाव्या हाताने! सत्तरीच्या माणसाला, तेही वस्तीच्या प्रमुखाला! ओसरीवर कोणाचा चहाचा पेला तोंडाशीच थांबला.

पाक हर्जोनो कधी चिडत नसत. ते हसले आणि हळूच म्हणाले, "गुनादी, यंदा मागच्यासारखं तर नाही ना होणार?"

आता मान वळेना म्हणून गुनादी अख्खा गर्रकन त्यांच्याकडे फिरला. खांदा कानाशी चढलेलाच! बघणाऱ्यांना वाटलं, हा खांदे उडवून विचारतोय, 'मला काय त्याचं?'

"ज्यांना खाली उभं राहायचंय, त्यांनी हात वर करा," पाक हर्जोनो म्हणाले.

सहा उजवे हात वर गेले. गुनादीने डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून वर ओढलं. "आई गंऽऽ!"

त्या किंकाळीने ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातलं पाखरू फडफडलं. लोकांना वाटलं, हा प्रमुखांची थट्टा करतोय! पाक हर्जोनो अजूनही हसतच होते. "बघू," एवढंच ते म्हणाले. आणि वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की त्यांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

चार दिवसांनी लास्त्री भाजीच्या गाडीवरून तणतणत घरी आली. "अहो! तुम्ही पाक हर्जोनोंना डाव्या हाताने झेंडे दिलेत? बायका तोंडावर विचारतात मला, 'तुमच्या यजमानांना एवढा कसला माज चढलाय?'"

"अगं, चुकून झालं. उजवा विसरलो."

"विसरलात? घरी ठेवून गेला होतात का?"

लास्त्रीने पुन्हा नाणं काढलं, पण पाठीवर पट्टे ओढायला जागाच उरली नव्हती. तेव्हा तिने सिनेम आज्जीला बोलावलं. वस्तीतल्या तीन पिढ्या आज्जीने चोळून काढल्या होत्या. तिने अंगठा खांद्याच्या कडेला टेकवला मात्र, गुनादी चटईवरून वीतभर उडाला!

"हा वारा नाही गं," आज्जी म्हणाली. "याला लोखंड लागलंय. तेगूच्या गॅरेजातून महिन्याभरात आलेला हा चौथा!"

लास्त्रीने नवऱ्याकडे पाहिलं. "कसलं लोखंड?"

"वीसच किलो होतं," गुनादी पुटपुटला.

"वीस?"

"एका बाजूला."

तेवढ्यात आज्जीने त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. "थांब, एकदा मान कडक वाजवते, म्हणजे सुटेल सगळं!"

"आज्जी, नको!" लास्त्री किंचाळली. "एकच डोकं आहे त्यांना, तेही धड चालत नाही!"

आणि ती त्याला मोपेडवर मागे बसवून थेट सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मोपेड तीच चालवत होती आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला एकेक प्रश्न विचारत होती.

डॉक्टर रत्री तरुण आणि शांत होत्या. त्यांनी हात हळूहळू बाजूने वर न्यायला सांगितला, खांदा दाबून पाहिला, बोटं आवळायला लावली. "बोटांना मुंग्या येतात? हात बधिर होतो?"

"नाही."

"छान. हाड ठीक आहे, सांधाही ठीक आहे. मानेपासून खांद्यावर उतरणारा हा मोठा स्नायू आहे ना, तो ताणला गेलाय."

"वाढलेला नाही?" गुनादीने आशेने विचारलं.

"थोडा सुजलाय. आणि दुखतोय म्हणून आखडून वर चढून बसलाय."

"दीड इंच!"

"मोजलात?"

"शिंपी आहे मी."

डॉक्टरीणबाईंनी ओठ चावून हसू आवरलं. "पहिले दोन दिवस बर्फाचे होते, ते गेले. आता ऊन फडक्याने शेका. गोळ्या जेवल्यावर घ्या. हात अगदी बांधून ठेवू नका, दुखेल न दुखेल इतपत रोज हलवत राहा. मान कोणाकडून वाजवून घ्यायची नाही. मुंग्या आल्या किंवा हातातला जोर गेला, तर लगेच या. पाठीवरचे पट्टे कोणी ओढले?"

"मी," लास्त्री म्हणाली.

"काय सरळ आलेत! पण आता खांद्यावर पुरे."

"डॉक्टर, सतरा तारखेला खोडाखाली..." गुनादीने विचारलं.

"तीन आठवडे खांद्यावर माणूस नाही, वजन नाही, काही नाही!"

सतरा तारखेला तेराच दिवस उरले होते. बाहेर येऊन गुनादी बाकावर बसला आणि त्याला खरंच रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण काय करणार?

"पोरं शिंकतात, ते इतकं लागतं तुम्हाला?" लास्त्रीने विचारलं.

"तुला नाही लागत?"

लास्त्रीने त्याच्या शर्टाची सैल केलेली शिवण पाहिली, तिला खुदकन हसू आलं आणि तिने मोपेड घराऐवजी पाक हर्जोनोंच्या दारात नेली.

"शर्ट काढा आणि दाखवा त्यांना!" तिने हुकूम सोडला.

गुनादीने ओसरीवर पट्टे दाखवले, खांदा दाखवला, वीस किलो आणि वीस किलो सगळं सांगितलं. "डावा हात मुद्दाम नव्हता हो! उजवा उठतच नव्हता!"

पाक हर्जोनो आधी बघत राहिले, मग हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. "अरे, चार रात्री मला झोप नाही! म्हटलं, या पोराचं मी काय वाईट केलं?" त्यांनी गुनादीच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला. "खोडाखाली नाही, तर यंदा माइक तुझा. तिथे काही जड उचलायचं नाही!"

सतरा तारखेला गुनादी खोडापासून चांगला दहा पावलं लांब उभा होता. तेरा दिवस लास्त्रीने इमानाने शेकलं होतं आणि हात आता कानापर्यंत पोचत होता. डाव्या हातात माइक होता आणि आवाज सगळ्या मैदानावर घुमत होता. "चढला! चौथा चढला! पाचवा निघाला! शाब्बास!" यंदा खाली तेगू होता, भिंतीसारखा उभा. पाक हर्जोनो टाळ्या वाजवत होते. वरच्याचा हात सायकलच्या चाकाला लागला. एकही पोर शिंकत नव्हतं, सगळी गुनादीचं ऐकत होती. त्याचा ऊर भरून आला.

त्याच वेळी मागच्या गाड्यावर कोणीतरी तापल्या तेलात ओंजळभर मिरच्या टाकल्या.

गुनादीने श्वास रोखला. डाव्या हातात तर माइक. नाक दाबायला त्याने उजवा हात उचलला, पण हात निघाला सावकाश, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यासारखा, आणि शिंक काही थांबायला तयार नव्हती!

ती चार भोंग्यांतून एकदम बाहेर पडली. शेजारच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. तेगू दचकला, पाचही गडी ग्रीसवरून सरसर खाली आले आणि पाचवा सायकलीसकट पाक हर्जोनोंवर!

गुनादी माइक टाकून धावला, सायकल बाजूला केली आणि हात पुढे केला. शिंकेच्या झटक्यात तो कधीच कानाच्याही वर जाऊन आला होता.

पाक हर्जोनोंनी चिखलातून त्या हाताकडे बघितलं. तो उजवा होता.

"बघा!" ते कण्हत म्हणाले. "पोरगं सुधारलं!"